फ्रिजमधली किल्ली

गाडीची किल्ली आमच्या फ्रिजमध्ये असते,
डब्याच्या डोक्यावर.
पाहुणे हसतात. हसू देत.
डबा हाती आल्याशिवाय गाडी निघत नाही,
एवढं तर्कशास्त्र मी चाळीस वर्षांत कमावलंय.

रूवी, हमरियातला चौथा मजला.
निरंजन चौदा दिवस फहूदला, तेलाच्या विहिरींवर,
चौदा दिवस घरी.
तो असतो तेव्हा डबे लेबलं पुढे करून उभे राहतात.
तो गेला की तिसऱ्या दिवशी
मोहरीच्या डब्यात मेथ्या,
आणि फोडणीला टाकल्यावर कळतं.

मशीन आत्ता तिसऱ्यांदा तेच कपडे धुतंय.
म्हणजे झालं असं, की
कपडे वाळत घालायला निघाले,
वाटेत कुंडी सुकलेली दिसली,
पाणी आणायला गेले तर सिंकमध्ये कालचं पातेलं,
पातेल्याला घासणी नाही,
घासणी यादीत लिहायला पेन,
पेनाच्या खणात शाळेच्या फीची चिठ्ठी,
चिठ्ठीवरची तारीख कालची,
फी भरायला जावं म्हणून किल्ली,
किल्ली फ्रिजमध्ये,
फ्रिज उघडला तर दही संपलंय.
संध्याकाळी मशीन उघडलं.
या हवेत ओले कपडे
दुपारभरात कुबट होतात, माणसापेक्षा लवकर.

आई गुहागरहून फोनवर अजून विचारते,
लक्ष कुठाय तुझं?
शाळेत बाई खडू फेकून विचारायच्या.
सासूबाईंनी कधीच विचारलं नाही,
त्या उठून गॅस बंद करायच्या.

गेल्या हिवाळ्यात शर्वाणीला तपासायला नेलं.
डॉक्टर थुरैयांनी शंभरदा विचारले असतील
असे प्रश्न कागदावर छापलेले:
वस्तू हरवते का, मधेच उठते का,
ऐकल्यासारखं करून ऐकत नाही का.
मी तिच्या खांद्यावरून वाचत होते,
मनातल्या मनात खुणा करत होते.
अकराव्या प्रश्नाला मला रडू फुटलं.
त्यांनी टिश्यूचा खोका सरकवला,
मग काही न बोलता
दुसरा कोरा कागद.

लक्ष कमी पडतं, असं ठरलं. दोघींचं.
कमी?
आमच्या भाषेत लक्ष म्हणजे शंभर हजार, डॉक्टर.
एकाच वेळी शंभर हजार ठिकाणी असते मी,
फक्त चुलीपाशी नसते.
हे इंग्रजीत सांगायला गेले
आणि मधेच विसरले कुठून सुरुवात केली होती.

आता अजानीवर घर चालतं.
जुहरला कुकर बंद, असरला मशीन उघडायचं,
मगरिबला शर्वाणीची गोळी आठवायची, माझी सकाळीच झालेली असते
किंवा झालेली नसते.
खालच्या मशिदीच्या मुअज्जिनला कल्पना नाही
की त्याच्या भरवशावर इथे वरण शिजतं.
मला आवडतं की ती वेळही
रोज जराशी सरकते,
आणि तिला कुणी वेंधळी म्हणत नाही.

मे महिन्यात इथे थंड पाण्याचा नळ भाजतो.
टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात.
शेजारच्या फातिमाबीनं सांगितलं होतं,
गिझर बंद ठेवायचा
आणि गार हवं तर गरमचा नळ सोडायचा.
निरंजन अख्खा पहिला उन्हाळा चुकला,
दर सकाळी हात झटकत बाहेर यायचा.
मी एकदाही चुकले नाही.
लाल नळ गार, निळा नळ कढत,
यात मला समजून घेण्यासारखं काही नव्हतं.

मशीन वाजतंय.
आई, मशीन! शर्वाणी आतून ओरडते.
आले, मी म्हणते, आणि हातातल्या कांद्याकडे बघत राहते,
हा कशासाठी घेतला होता?
थांब, मीच जाते, ती म्हणते.
तिची पावलं पॅसेजमध्ये.
मग थांबतात.
आई, ही कुंडी बघ किती सुकलीय.